आपल्या भागाचा कार्यक्रम करायचाय, घरचे म्हणतात बी.एड. कर

पत्र : मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत खो-खो खेळले. आमच्या शाळेच्या मुलींच्या सरावाचा मोबाइलवर केलेला व्हिडिओ पाहून इथल्या केबल वाहिनीने बोलावलं. आपल्या भागातली माणसं, जत्रा, खेळ यांवर दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम कर म्हणतात, महिना सहा हजार देतील. अण्णा म्हणतात, टीव्हीत जायचं तर पुण्या-मुंबईला जावं लागतं आणि ते आपल्याला परवडणारं नाही, त्यापेक्षा बी.एड. कर. मी काय करू?

उत्तर :

अण्णांची काळजी रास्त आहे. सहा हजारांत पुढे घर चालणार नाही. तालुक्याची वाहिनी दुकानांच्या जाहिरातींवर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चालते. बऱ्याच ठिकाणी पोरांच्या एका हातात माईक देतात आणि दुसऱ्या हातात जाहिरातींचं पावतीपुस्तक. पण बी.एड. झालं की नोकरी ठरलेली, असंही अण्णांनी धरून चालू नये. त्यानंतरही अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि पवित्र पोर्टलवर भरती निघायची वाट पाहावी लागते.

माझं मत स्पष्ट आहे. हे काम घे, मात्र बी.ए. अजिबात सोडू नकोस. पदवी होईपर्यंत ही वाहिनी तुझी कार्यशाळा समज. पुण्याच्या वर्गात कॅमेरा शिकवतील, संकलन शिकवतील, पण कुणावर कार्यक्रम करायचा आणि त्याच्याशी कसं बोलायचं हे तिथे कुणी शिकवणार नाही. ते तुला आत्ताच थोडंफार येतं. म्हणूनच त्यांनी तुला बोलावलं आहे.

मराठवाडा पडद्यावर कधी दिसतो ते आठव. टँकर, आत्महत्या, मोर्चे. ते सगळं खरं आहे आणि दाखवायलाच हवं. पण याच मातीतला, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 मध्ये बर्मिंगहॅमला 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आला. पुरुषांच्या या शर्यतीत 1994 नंतर राष्ट्रकुल पदक मिळवणारा केनियाबाहेरचा तो पहिला धावपटू. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं. कॅमेरे मांडव्यात पोचले ते पदकानंतर. शिवाय 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असलेली ही शर्यत असते तरी कशी, हे गावच्या पारावर बसणाऱ्याला कुणी नीट समजावून सांगितलं? आज कुठल्या गावातली पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, हे मोठ्या वाहिनीला कळायला चार वर्षं लागतील. तुला ते दूधवाल्याकडून कळेल.

तुझ्या खो-खोचंच घे. तुझ्याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. तरी आपल्याकडचे सामने कसे चित्रित होतात बघ. मैदानाच्या कडेला, बरोबर मध्यावर कॅमेरा उभा करतात आणि पळणाऱ्या मुलीमागे गरगर फिरवतात, पाहणाऱ्याला काहीच उमगत नाही. तू खेळलेली आहेस. एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणं, चालू असताना पुढचा खो कुणाला जाणार याचा अंदाज तुला आधी येतो, म्हणजे कॅमेरा तिथे आधी नेता येतो. एक कॅमेरा खुंटामागे जमिनीलगत ठेव. मुलगी सूर मारून गडी टिपते तेव्हा तिची बोटं आणि समोरचीची हुलकावणी एकाच चौकटीत दिसली पाहिजे. सामना संपल्यावर विजेत्यांना हार घालताना सगळेच दाखवतात. तू सोललेल्या गुडघ्यांना हळद लावणारी मुलगी दाखव, आणि पोरीला संध्याकाळी मैदानावर पाठवायचं की नाही यावर घरात होणारं बोलणं दाखव. मुली अल्पवयीन असतात, तेव्हा पालकांची आणि क्रीडाशिक्षकांची परवानगी लेखी घे.

जत्रेतल्या कुस्त्यांना वेगळी तयारी लागते. नांदेडच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला एकदा जाच. जनावरांचा बाजार, लावणी, कुस्त्या, सगळं एका ठिकाणी सापडेल. तिथे चित्रापेक्षा आवाज हाताळणं अवघड असतं. हलगी सुरू झाली की कॅमेऱ्यावरच्या माईकमध्ये पैलवानाचा शब्दही ऐकू येत नाही. छातीला लावायचा छोटा माईक आणि वेगळा रेकॉर्डर, ही तुझी पहिली खरेदी असू दे. मोबाइल आहे तोच चालेल. मैदानातल्या निवेदकाकडेही लक्ष दे. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, मागची कुस्ती कुणाशी झाली, सगळं तो तोंडपाठ सांगतो. कॉमेंट्री शिकायची तर मी तुला त्याच्याकडेच पाठवेन.

सणांमध्ये येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या, सोडू नकोस. त्या दिवशी लातूर-धाराशिवचे बाजार ओस पडतात आणि माणसं शिवारात असतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यावर कार्यक्रम करायचा असतो हेच आपल्या लक्षात येत नाही. माझी विनंती आहे की कॅमेरा आदल्या रात्री स्वयंपाकघरात ने. रात्रभर राबणाऱ्या बायकांशिवाय येळवस दाखवली तर ती अर्धीच दाखवली.

आणि माणसं बोलतात तसंच बोलू दे. ‘काय करायलास?’ असं विचारणाऱ्या आजीला ‘काय करतोस?’ म्हणायला लावू नकोस. गोंधळी, पोतराज, भारूड करणारे यांचं नाव-गाव पडद्यावर ठळक येऊ दे, आणि तास-दोन तास त्यांना गायला लावलंस तर वाहिनीकडून मानधन मागून घे. कला दाखवतो म्हणजे उपकार करतो, अशी समजूत या धंद्यात फार आहे. तू ती बाळगू नकोस.

आता कागदोपत्री. नेमणूक लेखी घे. जाहिराती गोळा करायचं काम तुझ्याकडे नाही, हे त्यात असावं. नोकरीत केलेल्या चित्रीकरणाचा हक्क, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाकडे जातो. म्हणून कार्यक्रमाचे तुकडे स्वतःचं काम म्हणून दाखवायची मुभा आधीच लिहून घे. पुढच्या प्रवेशाला आणि नोकरीला तेच लागतं. शिवाय केबलचालकांच्या स्वतःच्या वाहिन्यांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. 2022 च्या नियमांप्रमाणे तिचं शुल्क वाहिनीमागे अवघं 1000 रुपये आहे. ती केली आहे का, हे विचारायला संकोचू नकोस.

पदवीनंतर पुण्या-मुंबईशिवायही वाटा आहेत. संभाजीनगरच्या विद्यापीठात जनसंवाद व वृत्तपत्रविद्या विभाग आहे, नांदेडच्या विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. तेव्हा हाताशी चांगले कार्यक्रम असतील तर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या (एफटीआयआय) टीव्ही विभागासाठीही जरूर प्रयत्न कर. पैशाचं म्हणशील, तर दूरदर्शन जिल्ह्याजिल्ह्यांत बातमीमागे मोबदला घेणारे स्ट्रिंगर नेमतं. क्रीडा स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणालाही माणसं लागतात. लग्नाचं शूटिंग कमी लेखू नकोस. गर्दीत, कमी उजेडात, ‘पुन्हा एकदा करा’ म्हणायची सोय नसताना काम करायची सवय तिथेच लागते.

वाहिनीच्या कार्यालयात जाशील तेव्हा अण्णांना सोबत घेऊन जा. जाहिराती, हक्क आणि नोंदणी यांबद्दलचे प्रश्न त्यांच्या समोरच विचार. उत्तरं गोलमोल आली तर तिथलं काम नाकार आणि खो-खोचे व्हिडिओ स्वतः करत राहा. सरळ आली तर पहिला कार्यक्रम तुझ्या शाळेच्या मैदानावरच कर.