परदेशात रोजच्या स्वयंपाकाचं सामान कसं शोधायचं?

अहो, बऱ्याचदा वस्तू समोरच असते, फक्त नाव ओळखू येत नाही. कोथिंबीर कुठे कोरिएंडर तर कुठे सिलँट्रो, काबुली चणे कुठे चिकपी तर कुठे गार्बान्झो. भाषाच वेगळी असेल तर सरळ शास्त्रीय नाव टाकून सर्च करा, जिऱ्याचं क्युमिनम सिमिनम. हे मी ठेच लागल्यावर शिकले, एकदा जिरं समजून कॅरवे नावाचा दुसराच मसाला घेऊन आले, दिसायला अगदी जुळी भावंडं पण तेलात टाकल्यावर वास भलताच, अख्खी भाजी वाया! तेव्हापासून पाकीट न वाचता काही उचलत नाही.

सुपरमार्केटच्या इंटरनॅशनल सेक्शनमधल्या त्या इवल्याशा बाटल्यांच्या नादी लागू नका, महाग पडतात, त्यापेक्षा एशियन किंवा अरबी किराणा दुकान शोधा, तिथे डाळी, मसाले मोठ्या पाकिटात मिळतात. मसाले अख्खेच घ्या, पुडीचा वास लवकर उडून जातो.

आणि हो, घरून आणायचं असेल तर आधी त्या देशाच्या कस्टम्सची यादी बघा. दुधाचे पदार्थ, मांस, बिया, ताजा पाला यावर बऱ्याच ठिकाणी बंदी असते, आणलंत तर डिक्लेअर करा, लपवलं तर दंड होतो.