पाण्याला मातीचा वास येतोय, माठात वाळा टाकू का?

प्रश्न: ताई, आमच्याकडे धरणाचं पाणी येतं. एप्रिल उजाडला की नळाला मातकट, शेवाळासारखा वास सुरू. उकळलं तरी चहात कळतोच. सासूबाई म्हणतात माठात वाळा टाक, हे म्हणतात तुरटी फिरव, शेजारचे आरओ घ्या म्हणून मागे लागलेत. काय करू?

उत्तर: अगं, उन्हाळ्यात धरण तळाला जातं, पाणी तापतं, मग त्यात निळंहिरवं शेवाळ माजतं आणि ते जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतं, पहिल्या पावसात मातीला येतो ना तोच वास हा. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी नाकाला कळतो, आणि गरम पाण्यात तर जास्तच, म्हणून चहा बिघडतो. नुसत्या या वासाने अपाय होत नाही. पण पाणीच हिरवट दिसलं तर पिऊ नका, शेवाळाचं विष उकळून जात नाही.

तुरटीने गाळ बसतो, वास नाही. वाळ्याने वास झाकला जातो एवढंच, सासूबाईंना सांगू नकोस मी म्हटलं म्हणून! खरा उपाय म्हणजे साधा कार्बन फिल्टर, कांडी वेळच्या वेळी बदलायची. धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमीच, तेवढ्यासाठी आरओचा खर्च मला तरी पटत नाही.

त्याआधी एक कर, एक ग्लास थेट लाइनच्या नळाचा घे आणि एक गच्चीवरच्या टाकीचा, दोन्ही हुंगून बघ. फक्त टाकीच्या पाण्याला वास असेल तर टाकी घासायला माणूस बोलाव, फिल्टर नंतर. टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंगचा वास असेल तर पाणी रात्रभर पातेल्यात वरून जाळी घालून ठेव, बराचसा उडून जातो.

गटाराचा वास आला तर मात्र वाळाबिळा सगळं बाजूला. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो, फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि नळ आला की तेच आधी येतं. ते पिऊ नका, लगेच तक्रार करा आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरिन बघायची चाचणी करायला सांगा. पाण्यात त्या औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे, नाही आला तर क्लोरिन संपलंय. नळाशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं.

प्रश्न: बोअरच्या गार पाण्याला काही नाही पण गिझरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास, असं का?

उत्तर: गिझरमधल्या मॅग्नेशियमच्या रॉडमुळे. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू तिथे वाढतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा गॅस करतात. गिझरची टाकी धुऊन घ्या, प्लंबरला सांगून रॉड अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा बसवा. बोअरला दोष देऊ नका.