गंभीर आजारामुळे शाळा सुटलेल्या मुलीचा वर्गाशी संबंध कसा टिकवावा?

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालाय, तिचं शाळेत जाणं बंद आहे, आणि पहिल्या महिन्यातच मैत्रिणींचे फोन थांबलेत. शाळेला नेमकं काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. मी प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. दीर्घ आजारामुळे महिनोन्महिने घरी किंवा रुग्णालयात राहिलेली मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून वर्गाच्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

मैत्रिणी तिला विसरलेल्या नाहीत. त्यांना काय बोलावं हेच सुचत नाही. घरी मोठी माणसं हा विषय निघाला की आवाज खाली करतात, ते मुलांना कळतं. मग वर्गात कुजबुज सुरू होते: तिच्या शेजारी बसलं तर आपल्यालाही होईल का? ती मरणार का? आणि एखादं मूल मनातल्या मनात घाबरलेलं असतं, की मी तिला ढकललं होतं म्हणून तर हे झालं नाही ना. हे ते कुणालाच विचारत नाही.

म्हणून आधी वर्गाला सांगा. पण काय सांगायचं आणि काय नाही, हे तुमच्या मुलीला ठरवू द्या. काही मुलांना सगळं सांगितलेलं चालतं, काहींना केस गेल्याचं मुळीच सांगायचं नसतं. तिच्यासोबत बसून चार वाक्यं लिहा आणि बाईंना तीच वाचायला सांगा. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि कुणाच्या चुकीमुळे झालेला नाही, एवढं मात्र त्यात हवंच. औषधांनी केस जातात, स्टेरॉइडमुळे चेहरा सुजतो, आणि हे दोन्ही नंतर पूर्ववत होतं, हेही सांगायला तिची हरकत नसेल तर सांगा. मुलांनी थेट प्रश्न विचारले तर बाईंनी खरीच उत्तरं द्यावीत. ‘काही नाही, ती लवकरच येईल’ असं सांगून काही महिने गेले, की मुलं मोठ्यांना विचारणंच सोडून देतात.

पालकांच्या ग्रुपवर वेगळा संदेश हवा. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला आणि त्या मुलाची तुमच्या मुलीशी नुकतीच भेट झालेली असेल, तर त्याच दिवशी तुम्हाला कळलं पाहिजे, कारण अशा वेळी द्यायची प्रतिबंधक औषधं पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. असं स्पष्ट लिहिलंत तर पालकही बिचकत नाहीत. काय टाळायचं हे कळल्यामुळे बाकी संपर्क ठेवायला ते मोकळे होतात.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. तिला वर्गात काम द्या. शुभेच्छापत्रं पहिल्या आठवड्यात छान वाटतात, पण ‘लवकर बरी हो’ अशा चाळीस पत्रांना ती उत्तर काय देणार? त्याऐवजी दर सोमवारी फळ्यावर लिहायचं कोडं तिने पाठवावं आणि वर्गाने उत्तरं तिच्याकडे धाडावीत. गटाच्या प्रकल्पातली चित्रं तिच्या वाट्याला द्यावीत, मॉनिटरच्या निवडीत तिचंही मत घ्यावं. हजेरीत तिचं नाव रोज पुकारलं जावं, बाकावरची तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नये. तिच्याकडून काहीतरी येणार आहे हे माहीत असलं, की मुलं आपणहून विचारायला लागतात.

व्हिडिओ कॉल करताना अख्खा वर्ग समोर नको. दोन मिनिटं सगळे हात हलवतात आणि मग शांतता पसरते, आजारी मुलाला ते फार जड जातं. दोन-तीन मैत्रिणी आणि एखादा खेळ किंवा चित्र एवढं पुरतं. तिला कॅमेरा बंद ठेवायचा असेल तर ठेवू द्या. नॉर्वेतल्या नो आयसोलेशन या कंपनीने एव्ही१ नावाचा छोटा रोबो अशाच मुलांसाठी बनवलाय. तो वर्गात बाकावर असतो. मुलाला घरून वर्ग दिसतो, ऐकू येतो, बोलताही येतं, पण वर्गाला मूल दिसत नाही. आज नुसतं ऐकायचं असेल तर रोबोच्या डोक्यावर निळा दिवा लागतो. मला ही कल्पना फार समजूतदार वाटते, आणि ती साध्या टॅबवरही जमते: तिचा कॅमेरा बंद, आणि बाकावर एक निळं कार्ड, म्हणजे आज तिला प्रश्न विचारायचे नाहीत.

कॉलचा वार ठरलेला असावा, पण तो मोडला तर कुणी वाईट वाटून घेऊ नये. केमोनंतर (कर्करोगावरच्या औषधांच्या उपचारानंतर) साधारण एक ते दोन आठवड्यांनी रक्तातल्या पेशी सगळ्यात कमी होतात. न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की संसर्गाचा धोका बराच वाढतो, तेव्हा प्रत्यक्ष भेटी नकोत. हे वेळापत्रक डॉक्टरांकडून घेऊन बाईंना द्या. शाळेतली एकच व्यक्ती यासाठी नेमून घ्या, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने फोन केला असेल.

अभ्यासाचं दडपण घेऊ नका, पण ‘आधी बरी होऊ दे, मग बघू’ हेही मान्य करू नका. रुग्णालयातल्या मुलांच्या हक्कांची सनद १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे तयार झाली, तिच्यात खेळ आणि शिक्षण दोन्ही आहे. लिम्फोब्लास्टिक प्रकाराचा ल्युकेमिया असेल तर उपचार दोन-तीन वर्षं चालतात, पण सुरुवातीचे महिने सर्वांत कठीण असतात. नंतरच्या देखभालीच्या टप्प्यात बरीच मुलं शाळेत परततात. तेव्हा अर्ध्या दिवसाने सुरुवात, डोक्यावर टोपी घालायची मोकळीक आणि फाटकापाशी थांबलेली एक मैत्रीण, एवढं शाळेशी आधीच बोलून ठेवा.

तिचं भावंड त्याच शाळेत असेल तर बाईंना आणखी एक विनंती करा: ‘ताई कशी आहे?’ हा प्रश्न त्याला रोज विचारू नका. त्याला आधी त्याच्याबद्दल विचारा.