मालगुजारी तलावाच्या (पूर्व विदर्भातल्या जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या सिंचन तलावाच्या) पाण्याची तपासणी झाली आहे. आता ‘सामाजिक बाजू’ म्हणून मच्छीमारांची प्रश्नावली जोडली तर चालेल का?

चालेल, पदवी मिळेल. पण नमुने जानेवारीत, प्रश्नावली मेमध्ये आणि प्रबंधात दोन वेगळी प्रकरणं, याला जोडणं नाही, बाइंडिंग म्हणतात.

भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर पाण्याचा नमुना बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारास भरला जातो. कारण शास्त्रीय नाही, गाडी तेव्हा पोचते. पाणी शेवाळाने हिरवं असेल तर तोवर प्रकाशसंश्लेषण जोरात असतं, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ७-८ मिलिग्रॅम सहज दिसतो. तिथलाच ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातला माणूस, सांगतो की पहाटे मासा पृष्ठभागावर येऊन हवेसाठी तोंड उघडतो. अहवालात ते ‘स्थानिकांचा समज’ म्हणून जातं. समज कसला? रात्रभर शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू ऑक्सिजन वापरतच असतात. सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो, आणि अकराच्या बाटलीत ते दिसतच नाही.

म्हणून मुलाखत आधी, नमुना नंतर. मासा कोणत्या महिन्यात, कुठल्या कोपऱ्यात, किती वाजता वर येतो ते विचारा. त्याच जागी पहाटे एक आणि दुपारी तीनला एक बाटली भरा. ऑक्सिजन मोजायला (विंकलर पद्धतीने) ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड प्रत्येकी २ मिलिलिटर, तलावाच्या पाळीवरच (बांधावरच), पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. हे प्रयोगशाळेत जाऊन करू म्हटलंत तर वाटेतच आकडा बदलतो. नंतर २ मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड घालून बाटलीत तयार झालेला साका विरघळवा, त्यातलं २०३ मिलिलिटर थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजा. मग लागलेल्या ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटचा प्रत्येक १ मिलिलिटर म्हणजे सरळ लिटरला १ मिलिग्रॅम.

‘लोकांचं सांगणं म्हणजे डेटा नव्हे’ हे वाक्य परिसंवादांत ऐकून मला वीट आलाय. आपला डेटा तरी काय असतो? जाळ्याचा आस (एका भोकाचं माप) एक जण गाठ ते गाठ मोजतो, दुसरा ताणून. आकडा थेट दुप्पट. ढिवर बोटांनी मोजतो, तर त्याच्या बोटांखाली पट्टी धरा आणि कशी मोजली तेही लिहा. नाहीतर ‘लहान आसामुळे मासा घटला’ हा निष्कर्षच हवेत. माशाचा आकार मात्र बाजारात विकणाऱ्या बाईला विचारा. भाव आकारावर ठरतो, तिच्या लक्षात असतो.

मूळ प्रश्नाचं उत्तर एका वहीत मावतं. तारीख एकच, पुढे पाण्याची पातळी, ऑक्सिजन, किती जाळी किती तास टाकली, किती किलो मिळालं आणि तलावाचं पाणी सोडायचं गेट कोणी, कोणाच्या सांगण्यावरून उघडलं. धानाला पाणी हवं तेव्हा पातळी उतरते आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा मासेमारीचा ठेका त्याच पाण्यावर असतो. हा रकाना नसेल तर उतरलेली पातळी तुम्ही बाष्पीभवनाच्या खात्यावर टाकाल.

आता, लोकांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. मासा मेला की ‘शेतातलं औषध’ हे उत्तर तयार असतं. ऑक्सिजन संपल्याने मरतात तेव्हा पहाट असते आणि सहसा मोठे मासे आधी जातात. वेळ कुठलीही, लहान मासेही मेलेले आणि पाण्यातले किडेसुद्धा, तर कीटकनाशकाचा संशय घ्या. गडद काचेच्या बाटलीत पाणी भरून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा.