वाचकांचे प्रश्न : घरचे कंपोस्ट आणि सोलापूरची कोरडी हवा

घरच्या घरी कंपोस्ट तयार करण्याविषयी सोलापूर शहरातून व जिल्ह्यातून आलेल्या काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. कंपोस्टविषयीची बहुतेक छापील माहिती भरपूर पावसाचा व दमट हवेचा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते आणि तिच्यात कचरा फार ओला होऊ देऊ नका, हेच वारंवार सांगितलेले आढळते. आपल्याकडे वर्षातील आठ महिने अडचण नेमकी उलटी असते, हे लक्षात ठेवून ही उत्तरे वाचावीत.

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचे घर आहे. गच्चीवर भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या पिंपात फेब्रुवारीपासून रोजचा ओला कचरा व कडुनिंबाचा सुका पाला टाकत आहोत. चार महिने होत आले, तरी कचरा कुजण्याऐवजी वाळून गेला आहे. केळीच्या साली काळ्या व चिवट झाल्या आहेत आणि आत मुंग्यांनी घर केले आहे. जिवाणूंची पावडर विकत आणून टाकली, तिचाही उपयोग झाला नाही. काय चुकते आहे?

उत्तर : चिवट साली आणि मुंग्यांचे वारूळ या दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे पिंपात पाणी उरलेले नाही. कचरा कुजवणारे जिवाणू पाला व साली यांच्या कणांवरील पाण्याच्या पातळ थरात जगतात आणि तो थर सुकला की मरगळतात किंवा सुप्तावस्थेत जातात. कुजण्याची क्रिया नीट चालण्यासाठी ढिगाच्या एकूण वजनात ५० ते ६० टक्के पाणी असावे लागते. ते ४० टक्क्यांच्या खाली गेले की क्रिया मंदावते आणि त्याहून फार कमी झाले की जवळपास थांबते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर असताना उघड्या गच्चीवरील, सर्व बाजूंनी भोके असलेल्या पिंपातून रोज किती पाणी उडून जात असेल, याची कल्पना आपण करू शकता. अशा वेळी विकतची पावडर टाकणे व्यर्थ आहे, कारण जिवाणू कचऱ्यात मुळातच भरपूर असतात आणि बाहेरून आणलेलेही कोरड्यात जगत नाहीत. बीज म्हणून घालायचेच असेल, तर तयार कंपोस्टची किंवा शेणखताची दोन ओंजळी विरजणासारखी पुरेशी होते.

आता वरून तांब्याभर पाणी ओतून भागेल असे समजू नये. वाळलेला पाला पाणी झटकून टाकतो आणि ओतलेले पाणी मधल्या फटींतून थेट तळाशी उतरते. परिणामी तळ चिखलमय होतो आणि मधला भाग कोरडाच राहतो. त्यासाठी सगळा कचरा एकदा ताडपत्रीवर काढावा, मोठे तुकडे कोयत्याने किंवा कात्रीने बारीक करावेत, सुका पाला बादलीत रात्रभर भिजत घालावा आणि सकाळी निथळून ओल्या कचऱ्यात कालवून पुन्हा भरावा. मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता बोटांच्या फटींत एक-दोन थेंब दिसावेत, धार लागू नये, एवढी ओल बरोबर समजावी. ही परीक्षा पिंपाच्या वरच्या थरावर करू नये. हात कोपरापर्यंत आत घालून मधले मिश्रण काढावे, कारण वरचा थर नेहमीच फसवा असतो.

शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा कचऱ्याला पिण्याचे पाणी कोठून घालायचे, हा प्रश्न रास्त आहे. डाळ-तांदूळ धुतलेले व भाजी धुतलेले पाणी या कामाला उत्तम असते आणि एवढ्या पाण्यात घरचे एक पिंप सहज भागते. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वापरू नये. आपल्याकडील बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात आणि त्या टाकाऊ पाण्यात ते आणखी दाट झालेले असतात.

पिंप गच्चीवरच ठेवायचे असल्यास जिन्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पश्चिमेचे ऊन लागणार नाही असे ठेवावे, फेब्रुवारी ते जून या काळात निम्मी भोके बुजवावीत आणि कचऱ्यावर ओल्या गोणपाटाची घडी अंथरावी. हवा लागतेच, पण ती आठवड्यातून एकदा मिश्रण खालीवर करून देता येते. एवढे केल्यावर मुंग्या आपोआप निघून जातात; त्यांच्यासाठी कोणतीही पूड टाकण्याची गरज नाही.

प्रश्न : कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) महाग पडते. सुका भाग म्हणून आमच्याकडे स्वस्तात मिळणारे काय वापरता येईल? (बाळे)

उत्तर : कोकोपीट वापरलेच पाहिजे असे मुळीच नाही आणि ज्वारीच्या जिल्ह्यात ते विकत आणण्याचे कारणही दिसत नाही. कडब्याची कुट्टी (बारीक कापलेला कडबा) हा आपल्याकडील सर्वांत चांगला सुका भाग आहे. ती पाणी धरून ठेवते, मिश्रण दाबले जाऊ देत नाही आणि कोणत्याही गोठ्याशी सहज मिळते. शेंगांची टरफलेही चालतात, मात्र ती कठीण असल्याने आधी ठेचून व भिजवून घालावीत आणि ती सर्वांत शेवटी कुजतात हे गृहीत धरावे. कडुनिंबाच्या पाल्याने जिवाणू मरतात ही समजूत खरी नाही. इतर पाल्यात मिसळून टाकल्यास तो व्यवस्थित कुजतो. रस्त्याच्या कडेला झाडून पेटवून दिला जाणारा पाला पाहिला की वाईट वाटते, कारण आपल्या उथळ व कमी सेंद्रिय कर्ब (कार्बन) असलेल्या जमिनींना जे हवे आहे, तेच आपण धूर करून घालवतो.

प्रमाणाविषयी सांगायचे तर जिवाणूंना एक भाग नत्रामागे (नायट्रोजनमागे) साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. स्वयंपाकघरातील कचऱ्यात नत्र जास्त आणि सुक्या पाल्यात कर्ब जास्त असतो, म्हणून एक भांडे ओल्या कचऱ्यावर त्याच भांड्याने दीड ते दोन भांडी सुका भाग घालावा. हे माप आकारमानाचे आहे, वजनाचे नव्हे.

प्रश्न : आमच्या घराजवळ यंत्रमागाचे कारखाने आहेत. तेथील कापसाची तूस कंपोस्टमध्ये घालता येईल का? (पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : न रंगवलेल्या शुद्ध सुती धाग्याची तूस असेल तर घालता येईल. ती जवळजवळ निव्वळ कर्ब असते, म्हणून थोडी थोडी, पिंजून आणि शेणाबरोबर किंवा हिरव्या कचऱ्याबरोबर घालावी. गोळा करून घातल्यास तिचा लगदा होतो आणि आत हवा जात नाही. रंगीत सूत आणि पॉलिस्टर मिसळलेली तूस मात्र भाजीपाल्यासाठीच्या खतात अजिबात घालू नये. पॉलिस्टर कुजत नाही आणि त्याचे तंतू मातीत कायमचे राहतात.

प्रश्न : पावसाळ्यात पिंपाला कुजका वास येतो आणि तपकिरी, जाड अळ्या दिसतात. सगळे फेकून द्यावे का?

उत्तर : फेकू नये. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवेचा अभाव आणि डोळ्यांत जाणारा अमोनियाचा उग्र वास म्हणजे नत्राचा अतिरेक. दोन्हींवर उपाय एकच आहे, सुका भाग वाढवावा आणि मिश्रण खालीवर करावे. सपाट अंगाच्या, तपकिरी व कणखर अळ्या बहुधा काळी सैनिक माशी या निरुपद्रवी माशीच्या असतात आणि त्या कचरा फार वेगाने संपवतात. प्रत्येक वेळी ओला कचरा टाकल्यावर वर बोटभर जाडीचा सुका थर दिला की घरमाश्यांचा त्रासही राहत नाही.

प्रश्न : मोहोळजवळ आमचे शेतातले घर आहे. दोन म्हशी, कडबा आणि उसाचे पाचट आहे. ढीग मारावा की टाकी बांधावी?

उत्तर : आपल्याकडे सामग्री भरपूर आहे, त्यामुळे दोन्ही करता येईल. ढीग मारून व वेळोवेळी खालीवर करून खत करण्याची पद्धत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे शेतकऱ्यांच्या जुन्या रीतींचा आधार घेऊन विकसित केली आणि म्हणूनच ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. मात्र तिच्यात राबणूक व पाणी दोन्ही जास्त लागतात. पुसदचे शेतकरी नारायण पांढरीपांडे ऊर्फ नाडेपकाका यांनी रूढ केलेली टाकी कोरड्या भागाला अधिक सोयीची आहे असे आमचे मत आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी भिंतींत झरोके ठेवलेली विटांची टाकी बांधून ती एक-दोन दिवसांत सलग भरतात. पाचट-कडबा, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण), त्यावर चाळलेली माती असे थर देत जातात आणि शेवटी वरून शेणमातीने लिंपतात. त्या लिंपणामुळे ओल आत कोंडून राहते. लिंपणाला भेगा पडल्या की त्या त्याच दिवशी शेणकाल्याने बुजवाव्यात आणि झरोक्यांतून अधूनमधून पाणी शिंपडावे. या दोन कामांत हयगय झाली नाही तर तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

तीन फूट लांबी-रुंदी-उंचीच्या ढिगात आतील तापमान ५५ अंशांच्या वर जाऊ शकते आणि तेवढी उष्णता काही दिवस टिकली तर तणांचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. घरगुती पिंपात एवढी धग धरत नाही. म्हणून शहरातील वाचकांनी फुलावर आलेले गाजरगवत किंवा रोगट झाडे पिंपात टाकू नयेत.

प्रश्न : गच्चीवर गांडूळखत करता येईल का?

उत्तर : हिवाळ्यात व पावसाळ्यात करता येईल. ३५ अंशांच्या वर गांडुळे तग धरत नाहीत, त्यामुळे मार्चपासून पेटी तळमजल्यावर किंवा घरात गारव्याला न्यावी. तशी जागा नसेल तर उन्हाळ्यात साधे कंपोस्टच करावे.

प्रश्न : घरचे कंपोस्ट भरपूर घालूनही लिंबाची व टोमॅटोची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडांना बळ यावे म्हणून अंड्यांची टरफले व चुलीतील राखही घालतो. (होटगी रस्ता)

उत्तर : राख व टरफले आजच थांबवावीत. शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. नत्र कमी पडले असते तर खालची जुनी पाने आधी व सर्वच्या सर्व पिवळी झाली असती. आपल्या भागातील बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. अशा मातीत लोह असते, पण मुळांना घेता येईल अशा विद्राव्य रूपात नसते. अंड्यांच्या टरफलांतून चुना आणि राखेतून आणखी अल्कता घालून आपण तीच अडचण वाढवत आहात. टरफलांचा सल्ला आम्लधर्मी मातीसाठी, म्हणजे कोकणासारख्या प्रदेशासाठी योग्य ठरू शकेल. सोलापुरात त्याची गरज नाही.

कंपोस्ट कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले लोह धरून ठेवतात व मुळांपर्यंत पोहोचवतात, त्यामुळे ते घालत राहावे. पण हा परिणाम सावकाश दिसतो. तोवर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) व चिमूटभर लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. कुंड्यांच्या काठावर पांढरा थर जमत असेल, तर दोष बोअरच्या पाण्याचाही आहे. पावसाळ्यात छतावरचे पाणी साठवून निदान लिंबाच्या कुंडीला तेच घालावे.

प्रश्न : खत तयार झाले हे कसे ओळखावे आणि किती घालावे?

उत्तर : तयार कंपोस्टला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो आणि त्यात मूळ पदार्थ ओळखू येत नाहीत. शंका असल्यास थोडे ओलसर खत बरणीत घालून तीन-चार दिवस घट्ट बंद ठेवावे. उघडल्यावर आंबूस वास आला तर ते कच्चे आहे. दुसरी परीक्षा अळिवाची. वाटीभर खतात निम्मी माती मिसळून अळीव पेरावा आणि शेजारी नुसत्या मातीतही पेरावा. खतातले अंकुर मातीतल्याइतकेच जोमदार आले तर खत वापरण्याजोगे आहे. कच्चे खत मातीतील नत्र स्वतःच्या कुजण्यासाठी ओढून घेते आणि रोप खुरटते, म्हणून पिंप भरणे थांबवून कुजणे संपल्यावरही महिनाभर ते मुरू द्यावे.

कुंडीत मातीच्या मिश्रणाचा पाव हिस्सा, फार तर तीस टक्के कंपोस्ट पुरते. त्याहून जास्त घातल्यास क्षार वाढतात. जमिनीवर बोटाच्या पेराएवढा थर पसरून वरच्या मातीत हलकेच मिसळावा आणि लगेच सुक्या पाल्याने झाकावा, कारण उघडे राहिलेले खत दुपारच्या उन्हात वाया जाते. चाळून उन्हात कडकडीत वाळवलेले खत दिसायला छान असते, पण ते पुन्हा पाणी धरायला तयार होत नाही आणि त्यातले जिवाणूही बहुतांशी गेलेले असतात. उरलेले खत ओलसर असतानाच गोणीत भरून सावलीत ठेवावे, महिन्यातून एकदा त्यावर पाणी शिंपडावे आणि सहा महिन्यांच्या आत वापरून टाकावे.