आठवणींना सनाचा आधार कसा द्यावा

इंग्लंडमधील आपल्या गावातल्या वृद्ध शेजाऱ्यांच्या बालपणीच्या आठवणी आपण टिपू लागला आहात, म्हणून अनुभवाने शिकलेले थोडे सांगतो. ‘सन कोणता होता?’ असे थेट विचारू नये. माणसाला सन नव्हे, प्रसंग आठवतो. गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशनिंग ५ फेब्रुवारी १९५३ रोजी उठले आणि शिलिंगांचा (बारा पेन्सांचा एक शिलिंग) जुना हिशेब १५ फेब्रुवारी १९७१ रोजी बदलला. त्यामुळे गोळ्यांसाठी कूपन द्यावे लागे का, बसचे तिकीट जुन्या शिलिंग-पेन्सांत काढत की नव्या हिशेबात, एवढे विचारले तरी काळ बराचसा ठरतो.

काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) नाव मात्र जपून लिहावे. १ एप्रिल १९७४ रोजी सीमा बदलल्या आणि यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम विभागातील सॅडलवर्थ ग्रेटर मँचेस्टर या नव्या काउंटीत गेले. तेथील कोणी स्वतःला यॉर्कशरचे म्हणवले, तर ती चूक समजून खोडू नये (हा उतावळेपणा मीही केला आहे).

कागदपत्रांत १९३१ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका. इंग्लंड आणि वेल्सचे ते कागद १९४२च्या आगीत जळाले, आणि १९४१ची गणना युद्धामुळे झालीच नाही. त्याऐवजी सप्टेंबर १९३९ची, युद्ध सुरू होताच केलेली रहिवाशांची सरकारी नोंदवही पाहावी, मात्र हयात असू शकणाऱ्या व्यक्तींच्या नोंदी तीत झाकलेल्या असतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे जुने नकाशे विनामूल्य पाहता येतात. त्यातील आपल्या गावाचा भाग मोठ्या अक्षरांत छापून भेटीला न्यावा, कारण नकाशावर बोट ठेवताच शाळेची वाट आपोआप आठवू लागते.