सव्वाअकराला ग्रुपमधून काढलेली मावशी

वाचक लिहितात : "चिपळुणातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी नर्सिंग इनचार्ज आहे, 17 वर्षं झाली. सरकारी योजनेतली बिलं अडकली, पेशंट कमी झाले, आणि जूनमध्ये मॅनेजमेंटने नऊ जणांना कमी केलं. चार सिस्टर, तीन मावशी, लॅबमधला एक मुलगा आणि बिलिंगची एक मुलगी. निर्णय वरचा होता, माझ्या हातात काही नव्हतं. एचआरचा फोन आला म्हणून रात्री सव्वाअकराला मी फक्त त्यांची नावं स्टाफच्या ग्रुपमधून काढली. त्यातल्या एक मावशी अलोऱ्याच्या, 14 वर्षं आमच्याकडे. त्या तेव्हा नाइटलाच होत्या, त्यांना सकाळी कळवलं. आता उरलेल्या स्टाफचं मनोबल टिकवायची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. दर शुक्रवारी केक आणते, रोज ग्रुपवर सुविचार टाकते, महिन्याची उत्कृष्ट सिस्टर निवडते. तरी मी पॅन्ट्रीत गेले की सगळ्या गप्प होतात. दोघींनी राजीनामे दिलेत. नाइटला एक सिस्टर 22 पेशंट बघते. अजून काय करू?"

सिस्टर, केकचं राहू द्या. तुमच्या त्या 'फक्त'पाशी मी अडकले आहे.

सव्वाअकरा म्हणजे नाइटवाल्यांचा राउंड आटोपलेला, दिवे मंद केलेले. काउंटरवर बसून सिस्टर नोट्स लिहितात आणि मध्येच मोबाइल बघतात. त्यांनी ग्रुप उघडला. एकाखाली एक नऊ ओळी, अमुक यांना काढलं, तमुक यांना काढलं. आणि ज्यांचं नाव त्यात आहे त्या मावशी समोरच्या खाटेवरच्या आजींना बेडपॅन देतायत. ग्रुपमधून काढलेल्याच्या फोनला काही वाजत नाही, बघायला गेलं तरच कळतं. म्हणजे पहाटेपर्यंत त्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं, एका मावशींना सोडून. त्यांनी पहाटे स्पंजिंग केलं असेल, चादरी बदलल्या असतील, सकाळी आठच्या ओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या पाळीला देतात तेव्हा, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या असतील. ओव्हर देणाऱ्या सिस्टरने त्यांच्याकडे कशी नजर टाकली असेल, मला कल्पना करवत नाही. आणि ते बटण दाबणारं बोट तुमचं होतं. एचआरला कोण ओळखतं? ग्रुपवर नाव तुमचं दिसलं.

तुम्ही विचारता, बायका बोलत का नाहीत. त्या ती रात्र विसरलेल्या नाहीत. केक खाताना प्रत्येकीच्या मनात एकच चाललेलं असतं, उद्या माझंही असंच होणार. हा माझा एकटीचा तर्क नाही. कर्मचारीकपातीनंतर मागे राहिलेल्यांचा अभ्यास जोएल ब्रॉकनर या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकापासून केला आहे. जे गेले त्यांना कसं वागवलं, यावरून राहिलेले आपल्या संस्थेबद्दलचं मत बनवतात, हे त्यात पुन्हापुन्हा दिसलं. आणि तुमचा स्टाफ तर चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ड्युटी संपूनही कोण थांबलं होतं आणि कोणाचं स्वतःचं घर पाण्यात होतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यासमोर 'उत्कृष्ट सिस्टर' निवडू नका.

'हातात काही नव्हतं' हे मला पटत नाही. कपात तुमच्या हातात नव्हती, मान्य. पण सकाळपर्यंत थांबणं होतं. मावशींना बाजूला घेऊन खुर्चीवर बसवून सांगणं होतं. "आत्ता नाही काढत, उद्या त्यांच्याशी बोलून काढते," एवढं एचआरला म्हणायला कोणाची परवानगी लागत होती?

मी 31 वर्षं नर्सिंग केलं, शेवटची काही वर्षं मेट्रन होते. एका ठिकाणी रोजंदारीवरच्या दोन आयांना बंद केलं, त्या दिवशी मी रजा टाकून घरी बसले. परत आल्यावर कोणी मला काही बोललं नाही, आणि पुढेही बोलेनात. एका सिस्टरला सुई टोचली, ते मला तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. एका पेशंटची सलाईन दुसऱ्याला लागली, ती तर महिन्याने समजली. वॉर्डात माणसं इनचार्जपुढे गप्प बसायला लागली की चुकाही गप्प बसतात. तुमच्या पॅन्ट्रीतली शांतता म्हणून मला भीती घालते. त्यात नाइटला एका सिस्टरवर 22 पेशंट. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा 2002 चा अमेरिकेतला अभ्यास सांगतो, एका नर्सवर एक पेशंट वाढला की तिच्या थकून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढते आणि ऑपरेशन झालेला पेशंट महिन्याभरात दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी. नाइटला दुसरी सिस्टर मिळवण्यासाठी तुम्हाला भांडावंच लागेल. पण त्या भांडणात तुमच्या पाठीशी कोण उभी राहील? आज कोणीच नाही.

म्हणून एकच सांगते. मावशींच्या घरी जा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

त्याआधी अकाउंट्समध्ये बसून त्यांचा हिशेब स्वतः काढा. वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलंय आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ग्रॅच्युइटी वेगळी. मूळ पगार आणि डीए (महागाई भत्ता) मिळून समजा 13,000 असेल, तर त्याला 26 ने भागायचं, 15 ने आणि मग वर्षांनी गुणायचं. 14 वर्षांचे 1,05,000 होतात. मावशींना हा आकडा कोणी सांगितलाय का? मला वाटत नाही. पीएफचा नंबर चालू आहे का, त्याला आधार आणि बँक खातं जोडलंय का, तेही बघा. आणि अनुभवाचा दाखला घ्या, सहीशिक्क्याचा, 14 वर्षं लिहिलेला. ज्या रकमेला मॅनेजमेंट नाही म्हणेल ती कागदावर मांडून मावशींच्या हातात द्या. पुढे कुठे दाद मागायची ते त्यांची मुलं ठरवतील, पण आकडा त्यांच्याकडे असू दे.

मावशी कदाचित दार उघडणार नाहीत. उघडलं तर चहाही विचारतील, आपल्याकडच्या बायका वैऱ्यालाही विचारतात, आणि ते तुम्हाला जास्त जड जाईल. तिथे 'वरून आलं होतं' म्हणायचं नाही. "त्या रात्री मी तुमचं नाव काढलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, माझं चुकलं," एवढंच म्हणा आणि त्या काय म्हणतील ते ऐकून घ्या. मग बाकीच्या आठ जणांकडे, असेच कागद घेऊन.

दुसऱ्या दिवशी आठच्या ओव्हरला स्वतः उभ्या राहा आणि नऊच्या नऊ नावं घेऊन काय झालं ते सांगा. पुढे कोणाची नोकरी जाणार का, हे माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ओव्हर लांबला तर लांबू दे.

सकाळच्या एसटीने अलोऱ्याला जा. हॉस्पिटलची गाडी नेऊ नका. पावसाचे दिवस आहेत, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घाला.